तीसपैकी सत्तावीस मिळाले, मग घरात हा गोंधळ कसा?

पत्र:

माझे यजमान ४३ वर्षांचे आहेत, बी.एस्सी. ॲग्री. तासगाव भागात आमचं शेती औषधांचं दुकान आहे. सोळा महिन्यांपूर्वी रात्री दुकान बंद करून येताना पिकअपने त्यांच्या मोटरसायकलला मागून धडक दिली. हेल्मेट घातलेलं नव्हतं. डोक्याचं ऑपरेशन झालं, व्हेंटिलेटर लागला, शुद्धीवर आल्यावरही जवळजवळ तीन आठवडे भलतंच काहीतरी बोलत होते. आता चालणं-बोलणं, आंघोळ-जेवण सगळं स्वतः करतात. चार महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी झाली तेव्हा ३० पैकी १९ आले होते. गेल्या महिन्यात २७ आले. डॉक्टर म्हणाले, नॉर्मल आहे, दुकानात बसू द्या. पण घरी तेच तेच पुन्हा विचारतात. एका बागायतदाराकडे भरलेल्या बिलाचे पैसे पुन्हा मागितले, दुसऱ्याने दिलेले पैसे वहीत मांडलेच नाहीत. द्राक्षावरच्या भुरी रोगावर काय मारायचं, किती पाण्याला किती, हे मात्र झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगतात. म्हणून दीर म्हणतात, ‘दादा सोंग करतोय, सोयीचं तेवढं आठवतं त्याला.’ मी रोज संध्याकाळी त्यांचा अभ्यास घेते: सकाळी काय खाल्लं, काल कोण आलं होतं. त्यावर ते चिडतात. वर्षभरात सुधारेल तेवढंच, पुढे काही नाही, असं सगळे सांगतात. क्लेमची केस चालू आहे. काय करू?

एक वाचक, जि. सांगली

ताई,

पत्रासोबत चाचणीच्या दोन्ही कागदांची झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. एरवी लोक नुसता आकडा कळवतात, आणि आकड्यावरून सांगण्यासारखं थोडंच असतं.

या चाचणीला ‘मोका’ म्हणतात. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये झियाद नासरेद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. उतारवयात जरा घसरणीला लागलेली माणसं लवकर ओळखता यावीत हा तिचा मूळ उद्देश. दहाएक मिनिटांत उरकते. घड्याळ काढा, प्राण्यांची नावं सांगा, आकडे उलटे म्हणा, शंभरातून सात-सात वजा करत जा, आज तारीख काय, आपण कुठल्या गावात आहोत. २६ किंवा त्याहून जास्त आले की साधारण ठीक समजतात. यात काही वेळाने आठवून सांगण्याचे गुण किती, तर पाच. सुरुवातीला पाच शब्द ऐकवतात, मध्ये दुसरे प्रश्न विचारतात आणि पाचेक मिनिटांनी ते शब्द परत मागतात. (शब्द इथे छापत नाही. छापले तर पुढच्या कुणाची तरी चाचणी फुकट जायची.)

तुमच्या यजमानांचे तीन गुण गेले आहेत आणि ते तिन्ही त्या एकाच ओळीत गेले आहेत. पाचांतले दोनच शब्द आठवले. बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून सुटे परत देणाऱ्या माणसाला शंभरातून सात वजा करण्यात अवघड काय? तेव्हा २७ हा आकडा खरा आहे आणि घरात तुम्हाला दिसतं तेही खरं आहे. बेरीज चांगली आली म्हणून नेमकी दुखरी जागा झाकली गेली. शिवाय दोन्ही वेळी एकच फॉर्म वापरलेला दिसतोय. या चाचणीचे पर्यायी फॉर्म मिळतात, पुन्हा तपासताना ते वापरायचे असतात, नाहीतर सरावानेच गुण वाढू शकतात. आणि चाचणीची खोली शांत असते, समोर एकच माणूस, एका वेळी एकच प्रश्न. तुमच्या दुकानात एकजण पावती मागतोय, दुसरा फोनवर दर विचारतोय, तिसरा मोटरसायकल चालू ठेवून बाहेरूनच ओरडतोय. या दोन ठिकाणची स्मरणशक्ती सारखी निघेल असं धरून चालण्यातच चूक आहे.

आता तुमच्या दिरांचं. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या. भुरीचं औषध हे वर्षानुवर्षं रोज वापरून पक्कं झालेलं ज्ञान आहे. काल संध्याकाळी अमुक पाहुण्याने बारा हजार दिले, ही एकदाच घडलेली गोष्ट आहे. मेंदू या दोन गोष्टी एकाच पद्धतीने सांभाळत नाही. नवी घटना पकडून ठेवायला कानशिलाच्या आत खोलवर असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि डोक्याला जोराचा मार बसला की तो भाग आणि कपाळामागचा भाग यांना बऱ्याचदा इजा होते. सी.टी. स्कॅनमध्ये दिसणार नाहीत असे बारीक तंतूही ताणले जातात, तुटतात. ‘स्कॅन क्लिअर आहे’ म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, ते यामुळे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे एक गृहस्थ होते. फिट्स थांबवण्यासाठी १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूचा हाच भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. २००८ मध्ये वारले तोवर त्यांना नवीन काही लक्षात ठेवता आलं नाही. बोलणं, शब्दसंग्रह, लहानपणच्या आठवणी मात्र शाबूत. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली, तर दिवसागणिक त्यांचा हात सफाईदार होत गेला, आणि हे काम आपण आधी केलंय हे मात्र त्यांना आठवत नव्हतं. तुमच्या यजमानांचं प्रकरण इतकं टोकाचं नाही आणि कारणही वेगळं आहे. पण ‘सोयीचं तेवढं आठवतं’ असं जे वाटतं ते सोंग नसतं, इजेचं रूपच तसं असतं.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील तुम्ही ओघात लिहून गेलात: शुद्धीवर आल्यानंतरचे ते भलतंच बोलण्याचे तीन आठवडे. दवाखान्यात ‘जी.सी.एस.’चा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. डोळे उघडणं, बोलणं, हालचाल यांवरून ३ ते १५ मध्ये दिलेला तो आकडा. ग्लासगोच्या दोघा डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलेली ही पद्धत पहिल्या काही तासांसाठी उत्तम आहे. पण पुढे माणूस कितपत सावरेल याचा अंदाज बांधायला दुसरी गोष्ट जास्त कामाची: अपघातापासून रोजच्या घटना सलग लक्षात राहायला लागेपर्यंत किती दिवस गेले. हा काळ आठवड्याच्या वर गेला तर इजा गंभीर धरतात. तुमच्याकडे तो तीन आठवड्यांच्याही वर गेला. डिस्चार्ज कार्डावर हे बहुधा कुणी लिहिलेलं नसेल, म्हणून तुम्ही आणि दवाखान्यात थांबलेल्या नातेवाइकांनी बसून तारखा मांडून ठेवा. आणि प्रत्यक्ष अपघात त्यांना कधीतरी आठवेल ही आशा सोडा. ती नोंद मेंदूत झालीच नव्हती. ‘आठवून बघ ना, गाडी कुठल्या बाजूने आली’ असं त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं तर लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी जोडून ते काहीतरी सांगतील, आणि तेच जबाबात गेलं तर नसती भानगड.

चाचणी चुकीची नाही, अपुरी आहे. आता गरज आहे ती सविस्तर न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीची, म्हणजे स्मृती, लक्ष यांची वेगवेगळी तपासणी. ती करायला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, आर.सी.आय.ची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी असलेला. तसं विचारायला संकोच करू नका. तपासणीला काही तास लागतात, बऱ्याचदा दोन बैठकी. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनाच्या आजारांवरच्या संस्थेने २००४ मध्ये आपल्याकडच्या माणसांचे, वय-शिक्षणानुसार मापदंड देणारा चाचण्यांचा संच काढला, चंदीगडच्या पी.जी.आय. या सरकारी रुग्णालयाची स्मरणचाचणी त्याहून जुनी. तुम्हाला यासाठी कदाचित पुणे-मुंबई गाठावं लागेल. चाचणी मराठीतच व्हायला हवी, हे आधी फोनवर पक्कं करा. हिंदीतून घेतलेल्या शब्दांच्या चाचणीत तासगावच्या माणसाचे चार शब्द कमी पडले तर ते स्मृतीचे की हिंदीचे हे कोण ठरवणार?

त्यात एक भाग असा असतो. पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवतात, आठवतील तेवढे सांगायचे. तीच यादी पुन्हा, असं पाच वेळा. मग दुसरीच एक यादी मध्ये घालतात आणि पहिली पुन्हा विचारतात. वीस-तीस मिनिटांनी आणखी एकदा. शेवटी पुष्कळ शब्दांची सरमिसळ करून ‘यातले यादीतले कुठले’ असं ओळखायला सांगतात. बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. पण त्यातून विसरण्याचं कारण उलगडतं. तुमच्या गोदामाच्या भाषेत सांगायचं तर माल आलाच नाही, आला पण गळाला, की आत आहे पण सापडत नाही, हे वेगवेगळं कळतं. पहिल्या फेरीत चार, पाचव्यातही पाचच शब्द असतील तर मुळात आत जात नाहीये. तिथे लक्ष, थकवा, झोप तपासायची. पाचव्या फेरीत अकरा आणि अर्ध्या तासाने तीन, ओळखायला दिले तरी ओळखत नाहीत, तर साठवण कच्ची आहे. तिथे वही आणि मोबाइल यांच्यावरच भिस्त ठेवायची. स्वतःहून चार सांगितले पण ओळखताना तेरा बरोबर आले तर माहिती आत आहे, इशाऱ्याची गरज आहे. तिथे ‘काल संध्याकाळी, पांढरी टोपी, द्राक्षाचं औषध नेलं’ एवढं म्हटलं तरी काम होतं. तिघांनाही आपण घरी ‘विसराळू’च म्हणतो, उपाय मात्र तिघांचे तीन. रिपोर्ट घेताना ‘यांचं यांतलं कुठलं?’ हा एकच प्रश्न विचारून या, बाकी सगळं त्यामागून येईल.

संध्याकाळचा अभ्यास बंद करा. आजपासून. तुम्ही मायेने घेता हे मला कळतं, पण त्याने नुकसान होऊ शकतं. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की ज्यांची स्मृती फार अधू आहे अशी माणसं शिकताना चुकीचा अंदाज करून बसली तर ती चूकच पक्की होत जाते. तुमचं-माझं चुकलं तर ‘मागच्या वेळी हे चुकलं होतं’ हे आपल्याला आठवतं. त्यांना ते आठवत नाही, तोंडात मात्र तेच चुकीचं उत्तर येत राहतं. म्हणून ‘ओळखा बघू, ही कोण?’ असं विचारायचं नाही. आलेल्या पाहुण्यांनाही दारातच सांगून ठेवा. ‘मला ओळखलंस का रे?’ हा आपल्याकडचा लाडका प्रश्न आणि डोक्याच्या पेशंटला तो सगळ्यात जास्त छळतो. ‘अहो, ही सुमनताईंची धाकटी, नर्सिंगला आहे’ असं आधी आपणच सांगून मोकळं व्हायचं.

एखादी गोष्ट त्यांच्या लक्षात राहायलाच हवी असेल, समजा दुकानातल्या नव्या मुलाचं नाव, तर ते आधी सांगा आणि लगेच विचारा. मग अर्ध्या मिनिटाने, मग एक मिनिटाने, दोन, चार, आठ, असं अंतर वाढवत न्या. अडखळले की ताटकळत ठेवायचं नाही, उत्तर सांगायचं आणि आधीच्या जमलेल्या अंतरावर परत यायचं. यात परीक्षेचा वास येत नाही. एका वेळी एकच गोष्ट घ्या. शब्दकोडी आणि मोबाइलवरचे मेंदूचे खेळ आवडत असतील तर खुशाल खेळू दे, पण कोडी जमायला लागली म्हणून उधारी लक्षात राहत नाही.

वर्षाचं म्हणाल तर त्यात अर्धंच खरं आहे. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, पुढे मंदावतो, साधारण दोन वर्षांनंतर आपोआप होणारी सुधारणा थोडीच राहते. पण काम करण्याची नवी पद्धत माणूस त्यानंतरही शिकू शकतो. इंग्लंडमध्ये २००१ साली १४३ जणांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मेंदूला इजा झालेल्या या माणसांना पेजरवर आठवणी पाठवल्या: गोळी घ्या, डबा भरा, अमुक वाजता निघा. प्रयोग पुरा करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांची रोजची कामं लक्षणीयरीत्या जास्त पार पडायला लागली. आज हे काम खिशातला मोबाइल करतो. मला विचाराल तर ‘स्मृती किती परत येईल’ या प्रश्नाभोवती तुमचं घर सोळा महिने फिरतंय, आणि त्यामुळे ‘विसरले तर काम अडू नये म्हणून काय करायचं’ हा प्रश्न मागेच पडलाय.

वही एकच. घरची वेगळी, दुकानची वेगळी, डायरी तिसरी असं नको. खिशात मावेल अशी, पेन दोरीने बांधलेलं. पहिले काही आठवडे वही उघडण्याचीच सवय लावायची: चहाबरोबर, जेवणाआधी, दुकान बंद करताना, मोबाइलच्या गजरावर. त्यांनी तुम्हाला काही विचारलं की उत्तर देऊ नका, ‘वहीत बघूया’ म्हणा आणि सोबत बघा. तिसऱ्यांदा विचारलं तरी आवाज तोच ठेवायचा, हे लिहायला सोपं आहे याची मला कल्पना आहे.

दुकानात बसायचंच असेल तर आधी सकाळचे दोन तास, डोकं ताजं असतं तेव्हा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या गर्दीत सुरुवात मुळीच नको. गिऱ्हाइकाला सल्ला देण्याचं काम त्यांना द्या, ते त्यांना येतं आणि त्यात त्यांचा मानही आहे. फक्त त्यांच्या ओळखीतल्या जुन्या औषधांबद्दलच बोलू द्या, नव्या उत्पादनाचं प्रमाण लेबल वाचूनच सांगायचं, तोंडी नाही. अपघातानंतर बाजारात आलेलं औषध त्यांच्या ‘पक्क्या’ ज्ञानात बसलेलं नसणार, आणि चुकीच्या प्रमाणाने कुणाची बाग जळली तर ते निस्तरणं अवघड. पैसे हातात आले की मोजण्याआधी कॉम्प्युटरवर पावती, आणि उधारीचा व्यवहार तुमच्या किंवा मुलाच्या सहीशिवाय नाही. ‘मला काही झालेलं नाही’ असं ते म्हणतील. कपाळामागच्या भागाला मार लागला की आपल्यात काय कमी झालंय याची जाणीवही कमी होऊ शकते, तो हेकटपणा नसतो. चारचौघांत वाद घालू नका. दिवस सुरू होताना ‘आज किती नोंदी राहतील असं वाटतं?’ असं त्यांनाच लिहायला सांगा, संध्याकाळी दोघांनी ताळा करा.

तुम्ही पाठवलेली त्यांच्या औषधांची यादी वाचली. फिटच्या गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करू नका, एकदम बंद तर अजिबातच नाही. पण त्यांतल्या काहींनी सुस्ती येते, काहींनी चिडचिड वाढते, म्हणून ‘ही अजून लागते का, दुसरी चालेल का’ हे न्यूरॉलॉजिस्टना विचारायला हरकत नाही. सिटिकोलीन या मेंदूसाठी म्हणून देतात त्या औषधावर दरमहा बराच खर्च होतोय. अमेरिकेत डोक्याला मार लागलेल्या १,२१३ जणांवर ९० दिवस त्याची चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला: खोट्या गोळीपेक्षा काही जास्त फायदा नाही. हा निकाल डॉक्टरांपुढे ठेवून बोला. ते पैसे तपासणीला वापरता येतील. ब्राह्मी, शंखपुष्पी, अक्रोड-बदाम यांबद्दल इतकंच की सुकामेवा खायला चांगला असतो. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. झोपेत घोरून श्वास अडकतोय का बघा. मन खचलंय का हेही विचारा. अशा इजेनंतर नैराश्य फार आढळतं, त्यावर इलाज आहे, आणि ते उतरलं की लक्षही सुधारतं. दारू थेंबभरही नको, समारंभाची म्हणूनही नको. आणि सुधारत असलेला माणूस उलट मागे जायला लागला, चाल बिघडली, डोकं वारंवार दुखायला लागलं, तर ‘आता हे असंच चालायचं’ म्हणू नका. लगेच दाखवा, पुन्हा स्कॅन लागू शकतो.

क्लेमबद्दल तुमच्या वकिलांना सांगा की २७ गुणांचा कागद एकटा कोर्टात जाऊ देऊ नका. विमा कंपनीचा वकील तोच उंचावून दाखवील. सुप्रीम कोर्टाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० मधल्या निकालात स्पष्ट केलंय की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमावण्याची क्षमता किती गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माणूस कुठलं काम करत होता हे बघून दुसरी ठरवायची. ज्याचा धंदा उधारीच्या वहीवर चालतो त्याला पाचातले तीन शब्द न आठवणं किती महागात पडतं, हे न्यायाधीशांना सविस्तर रिपोर्टमधूनच दिसेल. तडजोड करायची झाली तरी तो रिपोर्ट हातात आल्यावरच.

स्वतःबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाहीत. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदत-सेवेचा १४४१६ हा सरकारी फोन नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन पेशंटनेच करावा असं काही नाही. आणि दिरांना ‘सोंग’ सिद्ध करण्यापेक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकानाचा ताळा करायला बसवा.

तपासणीची वेळ घ्याल तेव्हा सकाळची मागा, आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून थेट टेबलावर बसवलं तर थकव्याचे गुण मिळतील. सोबत डिस्चार्ज कार्ड, दोन्ही जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, जवळचा चष्मा, आणि गेल्या पंधरा दिवसांत काय काय विसरले याची तुमच्या अक्षरातली यादी: तारीख, वेळ, समोर कोण होतं, आणि नंतर आठवण करून दिल्यावर आठवलं की नाही. हा शेवटचा रकाना विसरू नका, तपासणाऱ्याला तोच आधी बघायचा असतो.